उंच इमारत पायाकडून वाचावी: शिकागो आणि आपलं कोल्हापूर

मेजर चार्ल्स मँटने आराखडा केलेला कोल्हापूरचा न्यू पॅलेस १८८४ मध्ये पूर्ण झाला. घडीव काळा दगड, जाड भिंती, मधोमध घड्याळाचा मनोरा. पुढच्याच वर्षी, १८८५ मध्ये, शिकागोत विल्यम ल बॅरन जेनीची होम इन्शुरन्स इमारत उभी राहिली. दहा मजले, उंची सुमारे ४२ मीटर. दोन्ही इमारती एकाच काळातल्या, पण वजन खाली नेण्याची रीत वेगळी. पॅलेसमध्ये वरचं ओझं भिंत घेते. जेनीच्या इमारतीत ते मुख्यतः लोखंडी खांब आणि तुळया घेतात. तिला पुऱ्या सांगाड्याची इमारत म्हणता येणार नाही, कारण काही भिंती अजून वजन घेतच होत्या. पण वाट तिथून फुटली. १९३१ मध्ये ती पाडली गेली.

शिकागोचा इतिहास सांगताना लोक शैलींची आणि वास्तुकारांची नावं घेतात. माझ्या मते तो आधी माती, आग आणि वारा यांचा इतिहास आहे. चेहरा बदलला तो आतली एखादी अडचण सुटली म्हणून. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आल्यापासून कोल्हापुरातही बारा-चौदा मजल्यांचे प्रकल्प दिसू लागले आहेत. फ्लॅट घेणारा मात्र अजून दर्शनी भाग, लॉबी आणि टाइल्स बघून ठरवतो. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

भिंतीच्या जोरावर किती उंच जाता येतं, याचं उत्तर शिकागोच्या मोनॅडनॉक इमारतीत उभं आहे. तिचा उत्तरेकडचा अर्धा भाग १८९१ चा, १६ मजली, वीटकामाच्या भिंतींवर उभा. त्या काळचा ठोकताळा असा, की सगळ्यात वरच्या मजल्याची भिंत १२ इंच धरायची आणि खाली येताना दर मजल्याला ४ इंच वाढवायची. १२ अधिक १५ गुणिले ४ म्हणजे ७२ इंच. तळाशी भिंत सहा फूट जाड झाली! महाद्वार रोडवर दुकान असणाऱ्याला यातला तोटा लगेच कळेल. भाडं सगळ्यात जास्त तळमजल्याला, आणि जागा खाणारी भिंतही तिथंच. दोनच वर्षांनी त्याच इमारतीचा दक्षिणेकडचा भाग पोलादी सांगाड्यावर बांधला गेला. दोन्ही भाग आजही एकमेकांना चिकटून उभे आहेत.

खरं तर सांगाड्याची कल्पना आपल्याला परकी नाही. पेठांतल्या जुन्या वाड्यात सोप्याला सागवानी खांब, त्यावर तुळई, आणि खोली मोजायची ती खणांत. भिंत पुष्कळदा नुसती भरणी असते. म्हणून भिंत ढासळूनही माडी जागेवर राहिलेले वाडे दिसतात. मर्यादा होती ती लाकडाची. सागाच्या तुळईचा गाळा आणि खांबाची ताकद दोन-तीन मजल्यांपुरतीच पुरते, आणि आग लागली की सगळंच जातं.

शिकागोची मोठी अडचण जमीन होती. मिशिगन सरोवराच्या काठची मऊ, ओली चिकणमाती, आणि पक्का खडक सुमारे ३० मीटर किंवा त्याहून खाली. सुरुवातीला खांबाखाली दगडांचे पायऱ्यापायऱ्यांचे ढीग रचत. त्यानं वजन पसरायचं, पण तळघर दगडांनीच भरून जायचं. १८८२ च्या सुमारास वास्तुकार जॉन रूटने माँटॉक ब्लॉक या इमारतीसाठी रेल्वेचे रूळ आडवे-उभे थर करून टाकले आणि काँक्रीटमध्ये बुजवले. पाया पातळ झाला, तळघर मोकळं झालं. आज आपण फुटिंगच्या, म्हणजे कॉलमखालच्या रुंद पायाच्या, तळाला दोन्ही दिशांनी सळ्यांची जाळी टाकतो, ती याच कामासाठी.

तरीही इमारती खचत राहिल्या. मोनॅडनॉक ८ इंच खचेल असं धरूनच बांधली होती, ती पुढच्या काही दशकांत २० इंचांच्या घरात गेली. १८८९ च्या ऑडिटोरियम इमारतीत याहून वाईट झालं. बाहेरच्या जड दगडी भिंती जास्त खचल्या, आतले हलके खांब कमी, आणि फरशीला उतार आला. सगळी इमारत सारखी खचली तर पायऱ्या आणि पाइप नीट करून भागतं. एक बाजू खचली आणि दुसरी राहिली की तुळयांना तडे जातात.

आता हाच हिशेब कोल्हापुरात मांडून बघू. मधल्या एका कॉलमकडे साधारण ४ बाय ४.५ मीटरचा, म्हणजे १८ चौरस मीटरचा भाग येतो असं धरू. स्लॅब, भिंती, फरशी, माणसं, सामान मिळून चौरस मीटरला अंदाजे १.२ टन. एका मजल्याचे २१-२२ टन झाले. तेरा स्लॅब धरले तर कॉलमच्या तळाशी सुमारे २८० टन येतात, आणि फुटिंगच्या वजनासाठी दहा टक्के वाढवून ३०८. खाली मऊ खडक असून तो चौरस मीटरला १०० टन घेत असेल, तर पावणेदोन बाय पावणेदोन मीटरचं फुटिंग पुरतं. कठीण मुरूम ४० टन घेत असेल, तर ते पावणेतीन मीटरचं होतं. आणि काळी माती किंवा नदीकाठचा गाळ १० टनच घेत असेल, तर साडेपाच बाय साडेपाच मीटरचं लागतं. कॉलम चार-साडेचार मीटरवर असताना ही फुटिंगं एकमेकांवर चढतील. तिथं राफ्ट, म्हणजे सगळ्या इमारतीखाली एकच जाड स्लॅब, किंवा पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब, यांना पर्याय राहत नाही. एकाच शहरात, एकाच नकाशाच्या इमारतीचा पाया असा पूर्ण बदलतो.

आपल्याकडे खडक जवळ आहे, या समजुतीत लोक निर्धास्त राहतात. दख्खनचा बेसॉल्ट थराथरांनी साठलेला आहे, आणि दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा लाल, मऊ पट्टा असतो. वर चांगला दगड लागला म्हणून खोदाई थांबवली आणि त्याखाली दीड मीटरवर लाल पट्टा निघाला, तर वरच्या दगडावरचा भरवसा फोल ठरतो. दुसरा घोटाळा सुट्या गोट्यांचा. आजूबाजूचा दगड कुजून मुरूम होतो आणि मधे टणक गोटा तसाच राहतो. ब्रेकर त्यावर आपटला की खडक लागल्यासारखं वाटतं. म्हणून प्लॉटच्या एकाच कोपऱ्यात खड्डा घेऊन निकाल लावू नये. चारी कोपरे आणि लिफ्टची जागा, असे किमान पाच बोअर घ्यावेत, आणि दगड लागल्यावरही तीनेक मीटर खाली जाऊन अखंड गाभा काढावा. मीटरभर ड्रिलमध्ये अखंड तुकडे किती आणि चुरा किती, ते पेटीत मांडलेल्या गाभ्यावरून डोळ्यांनी दिसतं. अहवालासोबत त्या पेट्यांचे फोटो मागून घ्यावेत.

शिकागोने १८९० च्या दशकात शेवटी खोल जायचं ठरवलं. माणसं विहिरीसारखे गोल खड्डे हाताने खोदत. थोडं खोदलं की कडेनं उभ्या फळ्या लावायच्या, आतून लोखंडी कडी बसवून त्या दाबून धरायच्या, मग पुढचा टप्पा. तळाला घट्ट थर लागला की सगळा खड्डा काँक्रीटने भरायचा. पुढे यंत्रं आली आणि त्यांच्याबरोबर नवे दोषही आले. १०० मजली जॉन हॅनकॉक सेंटरचं काम चालू असताना, १९६६ मध्ये, एक खांब किंचित सरकल्याचं दिसलं. शोध घेतला तर पायाच्या खांबात पोकळी निघाली. ओल्या काँक्रीटभोवतीचा पोलादी नळा वर ओढताना त्याच्याबरोबर काँक्रीटही उचललं गेलं होतं आणि त्या जागी माती शिरली होती. बाकीचे पायेही तपासावे लागले आणि काम काही महिने रखडलं.

ही चूक आपल्याकडच्या छोट्या पाइललाही होते, आणि ती पकडायचा सोपा मार्ग म्हणजे घनफळ मोजणं. ६०० मिलिमीटर व्यासाचा, १२ मीटर खोल पाइल म्हणजे ३.४ घनमीटर काँक्रीट. भोकाच्या कडा वेड्यावाकड्या असतात, म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्तच जायला हवं. तीन घनमीटरमध्येच पाइल भरला तर कुठेतरी गळा आवळला गेला आहे किंवा कड कोसळली आहे. काँक्रीट सोडायच्या नळीचं तोंड कायम दीड-दोन मीटर काँक्रीटमध्ये बुडालेलं राहिलं पाहिजे. नळी घाईनं वर ओढली की आत चिखल मिसळतो.

आगीचा धडा शिकागोला ऑक्टोबर १८७१ मध्येच मिळाला होता. त्या आगीत लाकडी शहर तर जळालंच, पण लोखंडी खांबांच्या, न जळणाऱ्या म्हणवणाऱ्या इमारतीही पडल्या. पोलाद ५५० ते ६०० अंश सेल्सिअसला आपली जवळजवळ निम्मी ताकद गमावतं, आणि घरातली आग तेवढी तापते. म्हणून नंतरच्या इमारतींत लोखंडाला भाजलेल्या मातीच्या पोकळ ठोकळ्यांचं कवच चढलं. आरसीसीमध्ये, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटमध्ये, ते काम कव्हर, म्हणजे सळीबाहेरचा काँक्रीटचा थर, करतो. कॉलमला ४० मिलिमीटर कव्हर म्हणजे सळीचं आगीपासूनही आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यातल्या गंजापासूनही रक्षण. साइटवर त्यासाठी काँक्रीटचे तयार कव्हर ब्लॉक वापरावेत. खडीचा किंवा फुटक्या फरशीचा तुकडा सळीखाली सरकवला की तो व्हायब्रेटर लागताच निसटतो आणि सळी साच्याच्या फळीला टेकते. पाच-सात वर्षांत नेमकी तिथंच गंजाची रेघ उमटते.

सांगाडा आला, दोर तुटला तरी लिफ्ट धरून ठेवणाऱ्या ऑटिसच्या ब्रेकमुळे लिफ्टची भीती गेली, आणि भिंतीला वजन घ्यायचं कारणच उरलं नाही. १८९५ च्या रिलायन्स इमारतीत पंधरा मजले जवळजवळ सगळा दर्शनी भाग काचेचा आहे. वास्तुकार मीस व्हॅन डर रोहने १९५१ मध्ये सरोवराकाठी २६ मजली जुळे मनोरे केले आणि त्या पद्धतीच्या नकला जगभर झाल्या. शिकागोच्या थंडीत आत येणारं ऊन हवंसं असतं. आपल्याकडे पश्चिमेला पूर्ण काच लावली तर मार्च ते मे महिन्यांत दुपारनंतर खोली तापतेच. सज्जा, खिडकीवर छज्जा आणि आत सरकवलेली खिडकी हेच इथं शहाणपणाचं.

यानंतरचा टप्पा वाऱ्याचा, आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. रचना तीच ठेवून उंची दुप्पट केली तर वारा इमारतीला मुळाशी चौपट जोरानं उलथवू बघतो, आणि शेंड्याचं हलणं सोळा पट होतं. वजनासाठी लागणारं पोलाद मजल्यांच्या प्रमाणात वाढतं, पण वाऱ्यासाठीचं त्याहून फार वेगानं. ढाक्यात १९२९ मध्ये जन्मलेल्या फझलुर रहमान खान यांनी शिकागोत बसून यावर तोड काढली. आतले खांब-तुळया जाड करत बसण्यापेक्षा इमारतीची बाहेरची कडच जवळजवळ खांब लावून पोकळ नळीसारखी करायची. १९६० च्या दशकातल्या ४३ मजली डेविट-चेस्टनट इमारतीत बाहेरचे खांब साडेपाच फुटांवर आहेत. हॅनकॉकमध्ये त्यांनी त्या नळीला तिरप्या पोलादी फुल्या मारल्या. १९७४ मध्ये पूर्ण झालेल्या सीअर्स टॉवरमध्ये ७५ फूट चौरसाच्या नऊ नळ्या एकत्र बांधल्या. त्यातल्या काही ५० व्या मजल्यावर, काही ६६ व्या, काही ९० व्या मजल्यावर थांबतात आणि दोनच माथ्यापर्यंत, ४४२ मीटरपर्यंत जातात. एकटा ऊस वाकतो, मोळी वाकत नाही, तसं हे गणित आहे.

बचत किती झाली बघा. १९३१ च्या एम्पायर स्टेट इमारतीला चौरस मीटरला सुमारे २०६ किलो पोलाद लागलं होतं. हॅनकॉकला सुमारे १४५ किलो आणि सीअर्सला सुमारे १६१ किलो. शंभर मजले परवडू लागले ते या आकड्यांमुळे. शिवाय नळ्या वेगवेगळ्या उंचीवर संपल्यानं वाऱ्याला एकसारखी लय धरता येत नाही, हा फायदा वेगळाच. २००९ च्या अ‍ॅक्वा इमारतीत वास्तुकार जीन गँगने हेच काम लाटांसारख्या कमी-जास्त बाहेर आलेल्या सज्ज्यांकडून करून घेतलं. २०२० च्या ३६३ मीटर उंच सेंट रेजिसमध्ये ८३ वा मजला वारा आरपार जावा म्हणून मोकळा सोडला आहे, आणि वर पाण्याच्या टाक्या आहेत, ज्यांतलं पाणी डुचमळून इमारतीचं हलणं शमवतं.

दगड लावण्याबद्दलही शिकागोनं महागडा धडा घेतला. १९७३ च्या स्टँडर्ड ऑइल इमारतीला इटलीतल्या करारा संगमरवराच्या सुमारे ४३,००० पातळ लाद्या बाहेरून लावल्या होत्या. थंडी-उन्हाच्या फेऱ्यांत त्या वाकल्या, चिरल्या, आणि १९९० ते १९९२ या काळात सगळ्या काढून ग्रॅनाइट लावावं लागलं. न्यू पॅलेसचा काळा दगड स्वतः भिंत आहे. आजचा दगड नुसती कातडी असतो. चौथ्या मजल्याच्या वर दगड नुसत्या सिमेंटनं किंवा चिकट द्रावणानं चिकटवू नये. स्टेनलेस स्टीलचे क्लँप, लाद्यांमध्ये फट, आणि मागून पाणी निथळायला वाट, एवढं तरी हवंच.

बारा-चौदा मजल्यांना नळी किंवा डुचमळत्या टाक्या लागत नाहीत. आपल्या पट्ट्यात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात, आणि वाऱ्यासाठी ४० मीटर उंचीच्या इमारतीचं माथ्याशी हलणं ८० मिलिमीटरच्या आत ठेवायचं असतं. लिफ्ट आणि जिन्याभोवती आरसीसीच्या भिंती नीट दिल्या की ते सहज जमतं. आपल्याला जास्त जपायचं ते भूकंपाला. भूकंपासाठीच्या आयएस १८९३:२०१६ या मानकाच्या नकाशात कोल्हापूर तिसऱ्या विभागात आहे, आणि ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप झालेलं कोयनानगर इथून शंभर किलोमीटरच्या आत आहे. २००१ मध्ये भूजच्या भूकंपात दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत इमारती पडल्या, त्यातल्या बऱ्याच खाली मोकळं पार्किंग असलेल्या. वरच्या प्रत्येक मजल्याला भिंतींचा ताठपणा, खाली नुसते कॉलम. सगळा हिसका त्या एका मजल्यावर येतो. म्हणून लिफ्टच्या आरसीसी भिंती पायापासून माथ्यापर्यंत अखंड हव्यात, पार्किंगमध्ये तोडलेल्या चालणार नाहीत. शिवाय त्या साधारण मध्यावर हव्यात. एका कोपऱ्यात असतील तर भूकंपात इमारत पिळली जाते.

आता कॉलमच्या रिंगा, म्हणजे उभ्या सळ्यांना बाहेरून आवळणाऱ्या वळवलेल्या सळ्या. कॉलम ३०० बाय ७५० मिलिमीटरचा, उभ्या सळ्या १६ मिलिमीटरच्या. आयएस १३९२० या भूकंपरोधक बांधकामाच्या मानकाप्रमाणे तुळईच्या जोडाजवळ, म्हणजे वरून आणि खालून ७५० मिलिमीटरपर्यंत, रिंगांतलं अंतर ७५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, कारण ते कॉलमच्या लहान बाजूच्या चौथ्या हिश्शाहून मोठं चालत नाही. म्हणजे तीन इंच. मधल्या भागात १५० चालतं. रिंगेची टोकं १३५ अंशात वळवून आत, काँक्रीटच्या गाभ्यात गेली पाहिजेत, आणि ८ मिलिमीटरच्या रिंगेला हुक निदान ६५ मिलिमीटरचा हवा. साइटवर हुक ९० अंशातच ठेवलेले दिसतात, कारण तशी रिंग बाजूनं सरकवायला सोपी जाते. भूकंपात कव्हर गळून पडलं की ९० अंशाची रिंग उघडते आणि सळ्या बाहेर फुगतात. आणखी एक ठिकाण हमखास चुकतं. तुळई आणि कॉलम जिथं मिळतात त्या जोडाच्या आत रिंगा टाकायच्या राहून जातात, कारण तुळईच्या सळ्या बसल्यावर तिथं हात जात नाही. त्या रिंगा आधीच सैल अडकवून ठेवायच्या आणि तुळईच्या सळ्या आल्या की जागेवर बांधायच्या. स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी पाहायला गेलात तर मोबाइलमध्ये याच जोडांचे फोटो काढा.

पाण्याचा विचार कोल्हापुरात टाळताच येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २००५, २०१९, २०२१ या तिन्ही महापुरांत शाहूपुरीच्या कुंभार गल्लीपासून नागाळा पार्कपर्यंत पाणी कुठवर चढलं, हे तिथल्या रहिवाशांना पाठ आहे. त्या रेषेच्या खाली तळघर असेल तर बांधकाम चालू असतानाच धोका असतो. बाहेर तीन मीटर पाणी म्हणजे तळाला चौरस मीटरला तीन टन वरचा दाब. ६०० मिलिमीटर जाडीच्या राफ्टचं वजन दीड टनच. वरचे चार-पाच स्लॅब पडायच्या आधी पाणी उपसणारा पंप बंद केला तर राफ्ट उचलला जातो किंवा चिरतो. राहायला गेल्यावर मीटर खोली, जनरेटर आणि आगीचा पंप पूररेषेच्या वर आहेत ना, हे स्वतः जाऊन बघावं. पूर दारातून यायच्या आधी ड्रेनेजच्या चेंबरमधून उलटा येतो, म्हणून बाहेर जाणाऱ्या लाइनवर पाणी परत न येऊ देणारा व्हॉल्व्ह लागतोच.

इमारत १५ मीटरच्या वर गेली की राष्ट्रीय इमारत संहितेच्या हिशेबानं ती उंच इमारत ठरते. आगीची यंत्रणा बसवून भागत नाही. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, घ्यावं लागतं. ते अग्निशमन दलाला देणं सोसायटीच्या जबाबदारीत येतं. तपासणीच्या दिवशी माथ्यावरच्या शेवटच्या हायड्रंटला, म्हणजे आगीच्या नळाला, नळी जोडून पाणी सोडायला सांगावं. तळाच्या नळीला जोरात पाणी आलं म्हणजे वर येईलच असं नाही, कारण दर दहा मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरमागे एक किलोचा दाब कमी होतो. चौदाव्या मजल्यापर्यंत तो चार किलोनं उतरलेला असतो, आणि पंपाची खरी ताकद वरच कळते.